आतल्या बाजूने लावलेली पाचर

मित्रांनो, मी एक जुनी पाचर आहे. लाकडाची, वीतभर लांब, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ. उघडे दार आपोआप मिटू नये म्हणून त्याच्या खाली सरकवतात ना, तीच मी. तुम्ही हसाल. म्हणाल, चर्चची कहाणी घंटेने सांगावी, वेदीने सांगावी, ही दाराखालची ढलपी कशाला मध्ये तोंड घालते आहे! हसा बापडे. पण चर्चमध्ये कोण आले, कोण गेले आणि कोणाला घालवून दिले, हे त्या घंटेला काय कळणार? ती वर टांगलेली. मी खाली फरशीवर होते. मी माणसांना त्यांच्या पायांवरून ओळखते, आणि ते सगळे पाय मला अजून आठवतात.

माझा जन्म व्यासपीठाबरोबर झाला. चर्च नवीन बांधले तेव्हा पाळकांना उपदेश करायला व्यासपीठ हवे होते. ते एका सुताराने केले. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. व्यासपीठाचे काम झाल्यावर एक तुकडा उरला, तो तुकडा म्हणजे मी. म्हणजे आम्ही दोघे एकाच लाकडाचे, सख्खेच म्हणा. त्याला दरवर्षी पॉलिश होते. माझे राहू द्या.

मिस्त्रींचा हात मोठा कसबी होता. पण का कोण जाणे, चर्चचे दार बसवताना त्यांचा एक बिजागर सूतभर चुकला. दार चांगले रुंद, एकाच झडपेचे, आत उघडणारे. ते उघडले की हळूहळू आपले आपणच बंद व्हायचे. लोक चिडवायचे, "काय हो मिस्त्री, दाराला एवढी कसली घाई?" मिस्त्री ओशाळले. म्हातारे पाळक त्या वेळी होते. मिस्त्री त्यांना म्हणाले, "पाळकसाहेब, दार उतरवतो आणि नीट बसवून देतो."

पाळक म्हणाले, "राहू द्या. आपलं सगळ्यांचंच दार असं आहे, नुसतं सोडलं की मिटतं. दर रविवारी कोणीतरी वाकून ते उघडं ठेवू दे. पाठीला बरं असतं."

म्हणून मिस्त्रींनी मला तासले. त्यांची सहा वर्षांची मुलगी शेजारी बसली होती. तिची जीभ भारी तिखट, म्हणून बापाने तिचे नाव पटाशी ठेवले होते. पटाशी म्हणजे लाकूड तासायचे धारदार हत्यार. तिने हट्ट करून मला मागून घेतले आणि पॉलिश कागदाने घासघास घासले. "हिनं कोणाला टोचायला नको," असे म्हणाली. माझ्यावर पहिली माया केली ती त्या पोरीने. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

म्हाताऱ्या पाळकांनी आणखी एक गोष्ट केली. दाराला बाहेरून कुलूप होते, पण आतून कडी लावू दिली नाही. "देवाच्या घराला आतून कडी कशाला? आपण काय लपून बसलोय?" असे ते म्हणायचे. उपासना सुरू झाली की ते स्वतः वाकून मला दाराखाली सरकवत आणि मगच व्यासपीठाकडे जात.

ते माझे सुखाचे दिवस. काय एकेक पाय यायचे! एक दारुडा एकाच पायात बूट घालून यायचा आणि मागच्या बाकावर घोरायचा. तुरुंगातून सुटलेला एक माणूस तीन रविवार पायरीवरच थांबला आणि चौथ्या रविवारी आत आला. दुसऱ्या धर्माची एक बाई नुसती गाणी ऐकायला यायची. तिला कोणी कधी विचारले नाही की बाई, तुम्ही कोण. म्हातारे पाळक निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी मला सगळ्यांसमोर वर धरले आणि म्हणाले, "या चर्चमध्ये माझ्यापेक्षा जास्त काम हिनं केलंय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, मी फुगले हो! लाकूड फुगते ते पाण्याने, पण मी त्या दिवशी कौतुकाने फुगले.

मग नवे पाळक आले. माणूस वाईट नव्हता. गोड बोलायचा, आजाऱ्यांना भेटायचा. पण त्याला कोणाचे मन मोडवत नसे, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचे मन तर मुळीच नाही. मोठा आवाज होता मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, सचिवांचा. ते प्रत्येक वाक्य 'नियमाप्रमाणे' असे सुरू करत, म्हणून पोरे त्यांना नियमकाका म्हणत. त्यांचे बूट काळे, लखलखीत आणि कायम घाईत. त्या बुटांनी मला कितीदा ठोकरले असेल, पण ते गृहस्थ माझ्यासाठी एकदाही वाकले नाहीत.

पटाशी मोठी झाली आणि तिचे लग्न चर्चच्या गायनप्रमुखाशी झाले. मोठा गोड गळा त्याचा. तो गायला लागला की बायका डोळे पुसायच्या. पटाशीची पावले मात्र लग्नानंतर बदलली. पूर्वी ती उड्या मारत यायची. आता एक पाय जपून टाकायची. दुसऱ्या वर्षी तर ती सरळ लंगडत आली. मला कळले, कारण मी खाली होते. वरच्यांनाही कळले होते, पण ते गाणे ऐकत होते.

एके दिवशी तिने नवऱ्याचे घर सोडले आणि चर्चच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली. शिलाईची कामे करून राहू लागली. झाले! मंडळीत एकच गहजब. नियमकाका म्हणाले, "नियमाप्रमाणे, नवऱ्याचं घर सोडणाऱ्या बाईनं मंडळीपुढे उभं राहून क्षमा मागायची. तीन रविवारांची मुदत. नाही मागितली तर नाव कमी."

पहिले दोन रविवार ती गप्प बसली. तिसऱ्या रविवारी उठून उभी राहिली. तिने उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर केली. काय होते ते मला खालून दिसले नाही. पण पुढच्या बाकाखालचे सगळे पाय एकदम मागे सरकले, ते दिसले.

"क्षमा मागायची तयारी आहे माझी," ती म्हणाली. "फक्त कोणी कोणाची मागायची, तेवढं सांगा."

"विषय तो नाही," नियमकाका म्हणाले. "विषय घर सोडल्याचा आहे."

तिने पाळकांकडे पाहिले. पाळक पुस्तकाची पाने चाळत होते. मग तिने बापाकडे पाहिले. मिस्त्री दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसले होते, म्हणजे माझ्यापासून हातभर अंतरावर. त्यांच्या पायाची बोटे चपलेत वळली, तळवे जमिनीला टेकले. मला वाटले, उठतात आता. उठले नाहीत. खाली मान घालून गुडघ्यांकडे पाहत राहिले.

ती माझ्याजवळून बाहेर गेली. जाताना तिची चप्पल मला लागली. तिचे नाव मंडळीतून कमी झाले आणि कोणी तिच्याशी बोलू नये, असा ठराव झाला. त्याच दिवशी पाळकांनी हरवलेल्या मेंढराच्या दृष्टान्तावर उपदेश केला, नव्व्याण्णव मेंढरे सोडून एकाला शोधायला निघालेल्या मेंढपाळाच्या. मी थट्टा करत नाही. खरोखर केला, आणि चांगला केला.

पण मित्रांनो, ती खरी हट्टी. पुढच्या रविवारी समोरच्या फुटपाथवर, लाँड्रीच्या दुकानापाशी येऊन उभी राहिली. तिथून उघड्या दारातून गाणी ऐकू येत. मिस्त्रींनी तिला पाहिले. त्या दिवसापासून मला लावायचे काम त्यांनी आपल्या हाती घेतले. सर्वांच्या आधी येत, दार भिंतीपर्यंत उघडत, मला खाली ठोकत आणि शेवटच्या बाकाच्या कडेला असे बसत की तिला ते दिसावेत आणि त्यांना ती दिसावी. बापलेकीचे बोलणे नव्हते. त्याने तिच्या बाजूने तोंड उघडले नाही, हे तिने माफ केले नव्हते आणि त्याने स्वतःलाही केले नव्हते. पण दर रविवारी तासभर ती दोघे एकमेकांना पाहत. त्या तासापुरते तरी ते दार मी धरून ठेवले होते, एवढे समाधान मला आहे.

तेही नियमकाकांना बघवले नाही. "वारा येतो. म्हातारी माणसं खोकतात. दार बंद ठेवत जा," त्यांनी फर्मावले. गायनप्रमुखाचेही म्हणणे पडले की रस्त्याच्या आवाजाने सूर बिघडतो. मिस्त्री त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "म्हाताऱ्यांत मीच सगळ्यात म्हातारा. मला वारा लागत नाही." कोणी ऐकले नाही. मला काढून कोपऱ्यात टाकले. दार आपल्या सवयीने हळूहळू मिटत गेले. फटीतून मला शेवटी दिसल्या त्या लाँड्रीपुढच्या तिच्या चपला.

मिस्त्री त्यानंतर चार महिन्यांत गेले. छातीचे दुखणे निघाले, असे म्हणतात. त्यांनी मंडळीतल्या निम्म्या माणसांच्या शवपेट्या स्वतःच्या हाताने केल्या होत्या. त्यांची मात्र दुकानातून आणावी लागली.

पटाशीला कोणी कळवले नाही. कळवणार कोण? तिच्याशी बोलायचे नाही असा ठराव होता ना. शेवटी चर्च झाडणाऱ्या मावशींनी तिच्या खिडकीखाली उभे राहून, तोंड भलतीकडे करून, "दहा वाजता मिस्त्रींना आणतायत," असे हवेत सांगितले. तेवढे धाडस त्यांना झाले. सगळ्या मंडळीत तेवढेच धाडस झाले, म्हणून मी त्यांची आठवण ठेवते.

पेटी आणली. झाकण उघडे ठेवले, म्हणजे सगळ्यांना शेवटचे पाहता यावे. तेवढ्यात गायनप्रमुख नियमकाकांच्या कानाशी लागला. "ती आत आली तर मी गाणार नाही. सांगून ठेवतो." नियमकाकांनी दाराकडे पाहिले. आतून कडी नव्हती. मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली. त्यांनी बुटाच्या टोकाने मला ओढत दारापाशी आणले आणि टाच मारून दाराखाली सारले. आतल्या बाजूने.

मित्रांनो, माझा धर्म मी तुम्हाला सांगते. मला ज्या बाजूने लावाल त्या बाजूने मी दार अडवते. आणि पलीकडून जितके जोराने ढकलाल, तितकी मी घट्ट बसते. मला ना सोडता येते, ना सुटता येते.

गाणे सुरू होणार तेवढ्यात ती आली. मी तिची पावले ओळखली. धावत आली होती. तिने दार ढकलले. दार दोन बोटे आत आले आणि माझ्यावर चढून थांबले. तिने पुन्हा ढकलले. मी आणखी रुतले.

"दार अडकलंय," ती फटीतून म्हणाली. "कोणी आहे का तिथं? मी आहे. मी आलेय."

मागच्या बाकावर आठ माणसे होती. दारापासून चार पावलांवर. मावशी उठल्या. नियमकाकांनी नुसता हात दाखवला, आणि मावशी बसल्या.

"मी आत येत नाही," ती म्हणाली. "बाहेरच थांबते. फक्त पेटी बंद करायच्या आधी दार उघडा. एकदा तोंड बघू द्या बाबांचं. इथूनच बघते, उंबऱ्याच्या बाहेरून."

पाळक वाचता वाचता थांबले. इतका वेळ थांबले की मला वाटले, आता येतात. पण त्यांनी दाराकडे पाहिले नाही, गायनप्रमुखाकडे पाहिले. तो गायला लागला. नियमकाकांनी दोन्ही हात वर करून सगळ्यांना मोठ्याने गायची खूण केली. मग काय, छप्पर उडेल असे गायले लोक. दयेचेच गाणे होते. ती बाहेरून दार वाजवत होती आणि त्या थापा गाण्याच्या ठेक्यात मिसळून जात होत्या. मग थापा थांबल्या. ती दाराला टेकून खाली बसली असावी, कारण तिचा सगळा भार माझ्यावर आला. तिने लहानपणी मला घासले होते, मी कोणाला टोचू नये म्हणून. आणि मी तिला असे अडवून धरले होते. मला लाज वाटते, मित्रांनो. लाकडाला लाज नसते असे कोणी म्हणाले तर त्याला माझ्याकडे पाठवा.

पेटीचे झाकण लावले. स्क्रू पिळले. चौघांनी खांदा दिला आणि दारापाशी आले.

आता दार उघडेना!

नियमकाका मला ओढायला लागले. एका हाताने, मग दोन हातांनी. मग गुडघे टेकून फरशीवर बसले. इतक्या वर्षांत माझ्यासाठी वाकलेले मी त्यांना पहिल्यांदा पाहिले. तोंड लालबुंद झाले होते. मी हलले नाही. खांद्यावर पेटी घेऊन चौघे ताटकळले.

"हातोडी आणा कोणीतरी!"

"हातोडी मिस्त्रींकडे असायची."

"मग मिस्त्रींना..." एकजण बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसले.

मावशी म्हणाल्या, "तिला विचारा की. बापाच्या हाताखाली वाढलीय ती. या पाचरीची रग तिलाच ठाऊक."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. बोलायचे नाही असा ठराव होता. आणि तो ठराव आता खांद्यावर जड होऊ लागला होता. अखेर पाळक फटीपाशी वाकले.

"ताई..."

"आता ताई झाले का?" बाहेरून आवाज आला.

"ताई, पाचर अडकलीय. काढायची कशी?"

ती म्हणाली, "झाकण उघडं आहे अजून?"

खांद्यावरची पेटी एकदा करकरली. तेच उत्तर तिला मिळाले.

मला वाटले, ती उठून जाईल. गेली असती तर मी तिला बोल लावला नसता. राहू द्या म्हणावे आत, बसा गात! पण ती सुताराची मुलगी. पेटी खांद्यावर असताना माणसांना उभे ठेवायचे नसते, हे तिला बापाने शिकवलेले.

"समोरून ओढू नका तिला," ती म्हणाली. "मी दार माझ्याकडे ओढते. ते चौकटीत बसलं की बाजूनं टाच मारा. बाबा तसंच करायचे. मारा आता."

तिने बाहेरून दार आपल्या अंगाकडे ओढले. आत यायला आलेल्या बाईने स्वतःच्या हाताने ते दार स्वतःवर बंद केले, तेव्हा कुठे मी सुटले आणि आतल्यांना बाहेर पडता आले.

दार उघडले. ती भिंतीला पाठ लावून बाजूला उभी होती. पेटी जवळून जाताना तिने झाकणावर हात ठेवला आणि बोटाने चाचपून पाहिले. "हा स्क्रू वाकडा बसवलाय," ती म्हणाली. "बाबांनी पुन्हा काढायला लावला असता." कोणी थांबले नाही. सगळे कबरस्तानाकडे निघाले. ती समोरच्या फुटपाथवरून एकटी चालत गेली.

आठवड्याभराने मावशींनी मला पदराखाली लपवून तिच्या खोलीवर नेले. "घे बाई, तुझ्या बाबांच्या हातची आहे. आठवण म्हणून ठेव." पटाशीने मला हातात घेतले. अंगठा माझ्या कडेवरून फिरवला. मला वाटले, आलो आपण घरी. पण तिने मला परत मावशींच्या हातात दिले.

"नको, मावशी. हिला पाहिलं की मला बाबा नाही आठवणार. ते दार आठवेल. आणि मागच्या बाकावरचे तुम्ही आठजण."

मावशी रडल्या. पटाशी रडली नाही. मीही रडले नाही. तिचे खरेच होते, रडायचे तोंड कोणाला होते?

आता मी चर्चच्या जिन्याखाली एका पत्र्याच्या डब्यात पडून आहे. गंजके खिळे आणि एक तुटकी मेणबत्तीदाणी माझ्या सोबतीला आहे. दाराला आतून छान जाड लोखंडी कडी बसवली आहे आणि बाहेर 'सर्वांचे स्वागत आहे' अशी रंगीत पाटी लावली आहे. एकाच दिवशी, एकाच माणसाकडून दोन्ही बसवून घेतले. व्यासपीठाला यंदाही पॉलिश झाले. म्हातारे पाळक आणि मिस्त्री दोघेही गेले. मला कोणत्या बाजूने लावायचे, हे माहीत असलेले कोणी आता चर्चमध्ये उरले नाही.

म्हणून, मित्रांनो, तुम्हाला सांगते. तुम्ही त्या जिन्यावर खेळता, तुमचे पाय मला रोज ऐकू येतात. कधी डबा उघडलात तर मला काढा, धूळ झटका आणि वाकून दाराखाली लावा. आधी बाजू बघा. पण तेवढ्यावर थांबू नका. नुसते दार उघडे ठेवले म्हणून ती येणार नाही. ज्याला एकदा घालवून दिले तो माणूस उघडे दार पाहून परत येत नाही, त्याला न्यायला जावे लागते. मागच्या गल्लीत, डाव्या हाताला चौथी खोली. शिलाईचे मशीन वाजत असते. मावशींनी मला नेले तेव्हा मी मोजली, एकशे नव्वद पावले आहेत. तो ठराव कोणी मागे घेतला नाही, आणि इतक्या वर्षांत मंडळीतले कोणी ती पावले पुन्हा चालले नाही.

मी गेले असते हो. पण मी लाकडाचा तुकडा, मला पाय नाहीत. तुम्हाला आहेत.